कपाटात सापडलेली वही

शाळेत त्यांना सगळे डबेबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. दर वर्षी दहावीचा कथेचा भाग सुरू झाला, की त्या पत्र्याचे पाच डबे घेऊन वर्गात येत. एकात एक बसणारे. सगळ्यात मोठा पिठाच्या डब्याएवढा, सगळ्यात लहान काडेपेटीएवढा. टेबलावर ठेवताना असा खणखणाट व्हायचा, की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन विचारायचे, "बाई, शिकवताय की भांडी घासताय?"

शिकवायच्या त्या भुताच्या गोष्टी. म्हणजे त्या जुन्या, गॉथिक म्हणतात त्या. दगडी हवेल्या, कुलूप घातलेल्या खोल्या, भिंतीमागून येणारे आवाज आणि मेलेल्या माणसांनी मागे ठेवलेली पत्रं. पोरांचा सगळा जीव भुतात. बाई म्हणायच्या, "भूत गेलं खड्ड्यात! आधी मला सांगा, ते पाहिलं कुणी?"

मग डबे पुढे ओढायच्या. "हा मोठा डबा म्हणजे वकील. त्याला खणात कागदांचं पुडकं सापडलं. पुडकं लिहिलंय डॉक्टरनं, तो दुसरा डबा. डॉक्टरला सांगितलं घरातल्या मोलकरणीनं, ती तिसरा. तिनं ऐकलं मालकिणीकडून, तेसुद्धा बंद दाराआडून, म्हणजे झाला चौथा. आणि भूत कुठंय? या काडेपेटीत. बोला, खरं की खोटं?"

"उघडा ना बाई!" अख्खा वर्ग ओरडायचा.

"उघडीन. पण आधी झाकण बघा."

हे त्यांचं पालुपद. गोष्टीत काय आहे ते नंतर, आधी झाकण बघा. फळ्यावर तीन प्रश्न लिहायच्या: कोण सांगतंय? कुणाला सांगतंय? का सांगतंय? पहिले दोन पोरं चुटकीसरशी सोडवायची. तिसऱ्यापाशी भल्याभल्यांची दातखीळ बसायची, आणि बाईंना सगळी मजा त्या तिसऱ्यातच वाटायची.

त्यांचं खरं हुकमी पान मात्र वेगळंच होतं. निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही. तिच्यात बाईंनी अठरा वर्षं आपले धडे लिहिले होते. कुठली गोष्ट कुठं तोडून वाचायची, कुठल्या प्रश्नाला पोरं फसतात, नमुन्याची वर्णनं, स्वतः रचलेल्या गोष्टी, सगळं. आणि वहीच्या पहिल्याच पानावर, चहाचं पाणी फिरवून पिवळ्या केलेल्या पानावर, तपकिरी शाईनं लिहिलं होतं: 'ही वही मला शाळेच्या जुन्या कपाटात सापडली. लिहिणारी कोण, ते ठाऊक नाही. नाव कुठेच नाही. जशी मिळाली तशी पुढे देत आहे.'

दर वर्षी बाई आवाज खाली आणून हे पान वाचायच्या. पोरं डोळे विस्फारून ऐकायची. दोन तास त्या अज्ञात बाईंविषयी चर्चा रंगायची. त्या कोण असतील, कुठं गेल्या असतील, कपाटात वही का लपवली असेल. एखादी तर रडवेली व्हायची. आणि तिसऱ्या तासाला बाई कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "अरे वेड्यांनो, ही वही माझी आहे! अक्षर ओळखता येत नाही? रोज फळ्यावर बघता की!" मग जो काय गोंधळ व्हायचा! आणि त्यानंतर एकच अट, पुढच्या वर्गाला सांगायचं नाही. अठरा वर्षांत एकाही वर्गानं ते गुपित फोडलं नाही. पोरांनी सांभाळलं हो! ज्यांच्या पोटात तीळभर गोष्ट राहत नाही, त्या पोरांनी.

त्या गुपिताचा गैरफायदा घेतला तो मोठ्या माणसानं. तेच सांगायचंय.

सहा वर्षांपूर्वी शाळेत एक नवी शिक्षिका आली. पहिल्याच तासाला पोरांनी तिचा असा धुव्वा उडवला, की ती प्रयोगशाळेमागच्या पायरीवर जाऊन रडत बसली. डबेबाईंनी तिला तिथं शोधलं, पदरानं तोंड पुसलं, चहा पाजला आणि म्हणाल्या, "उद्या माझ्या वर्गात मागे बस. शिकशील." ती बसली. नुसती एक दिवस नाही, चार वर्षं, वेळ मिळेल तेव्हा. शिक्षकांच्या खोलीत दोघींना थोरली आणि धाकटी असंच म्हणायला लागले. धाकटी बाईंना 'ताई' म्हणायची, बाईंच्या डब्यातलं खायची, बाईंच्या नवऱ्याला हक्कानं चष्मा दुरुस्त करायला सांगायची. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला. बाईंना बहीण नव्हती. ती मिळाली, असं त्या चारचौघांत बोलून दाखवायच्या.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली आणि बाईंनी तीन महिन्यांची रजा टाकली. जाताना पाचही डबे आणि वही धाकटीच्या हातात दिली. "पोरांचं नुकसान नको गं. सगळं यात आहे. आणि पहिलं पान नीट वाच हं, तिसऱ्या तासापर्यंत हसू नकोस."

धाकटी खळखळून हसली. "ताई, मला माहीत नाही का? चार वर्षं बघतेय तुमचं नाटक."

हे वाक्य लक्षात ठेवा. बाईंना तर ते विसरणं शक्यच नाही.

रजा संपली. वही परत आली, छान तपकिरी कागदात गुंडाळून. वर्षभरात धाकटीची शिक्षण खात्याच्या प्रशिक्षण विभागात निवड झाली. बाईंनी निरोपाच्या भाषणात असं कौतुक केलं, की बोलता बोलता स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं. नंतर धाकटीचे फोन विरळ झाले. कामात असेल, असं बाई म्हणत राहिल्या. आपलं माणूस म्हटलं की आपणच सबबी पुरवतो.

आणि यंदा शाळा उघडली तेव्हा पुस्तकांचे गठ्ठे आले. विभागानं सगळ्या शाळांना दहावीसाठी नवं पुस्तक लावलं होतं, 'गोष्टीतली गोष्ट'. मुखपृष्ठावर एकात एक बसणारे पाच डबे. खाली धाकटीचं नाव.

बाईंना आधी आनंदच झाला. अगदी खरं सांगतो, आनंद! 'पोरीनं नाव काढलं' म्हणत त्यांनी तिथंच गठ्ठ्यापाशी उभ्या उभ्या पुस्तक उघडलं. प्रस्तावनेत आपल्याविषयी चार ओळी असतील, म्हणून आधी तीच काढली. ओळी होत्या.

'माझ्या पहिल्या शाळेतल्या जुन्या कपाटात मला एक निळी वही सापडली. लिहिणाऱ्या शिक्षिकेचं नाव कुठेच नव्हतं. चौकशी करता, त्या आता हयात नाहीत असं कळलं. त्यांच्या विस्कळीत टिपणांना आकार देऊन हे पुस्तक सिद्ध केलं आहे.'

बाईंनी ते तीनदा वाचलं. मग पानं उलटली. वकील, डॉक्टर, मोलकरीण, मालकीण, काडेपेटी. तीन प्रश्न. 'आधी झाकण बघा' हेसुद्धा, जाड अक्षरात, चौकटीत. गठ्ठ्यावरच बसल्या. शिपाईमामांनी पाणी आणून दिलं आणि विचारलं, "बाई, कुणी गेलं का?"

"मी," बाई म्हणाल्या. मामांना काही कळलं नाही.

दुपारी त्यांनी फोन लावला. धाकटीनं लगेच उचलला, हेही विशेषच. आवाज लोण्यासारखा. "ताई! पुस्तक बघितलंत?"

"अगं, मी मेलेय होय?"

"ताई, तुम्ही पण ना! विभागाला लिहिणाऱ्याचं संमतिपत्र हवं होतं. वहीवर तर नाव नाही. पहिल्या पानावर तुम्हीच लिहिलंय, कपाटात सापडली म्हणून. मी तेच धरलं. हयात नाही म्हटलं की कागदपत्रांची कटकट मिटते, एवढंच."

"तुला माहीत होतं ना ते नाटक आहे?"

"तुम्हीच शिकवलंत ना ताई, कागदावर जे आहे तेवढंच बघायचं."

"आणि संमतिपत्र मागितलं असतंस तर? मी सही केली नसती?"

"मीटिंगला बोलावतायत, ठेवते हं," धाकटी म्हणाली आणि फोन बंद झाला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तेही किती गोड बोलून!

बाई वही घेऊन तडक हेडसरांकडे गेल्या. हेडसर तसे वाईट नव्हते, पण घाबरट. ज्या कागदावर विभागाचा शिक्का, तो त्यांना देवासमान. त्यांनी वही उघडली आणि पहिलंच पान वाचलं.

"हे अक्षर कुणाचं बाई?"

"माझं."

"मग तुम्हीच लिहिलंय की, सापडली म्हणून."

"अहो सर, ते नाटक आहे! पोरांना फसवायला. बघा, चहाचे डाग आहेत."

"नाटक आहे असं कुठं लिहिलंय?"

"ते लिहिलं तर नाटक कसलं?"

"आणि पुढची पानं?"

"माझीच. अक्षर बघा ना."

"कुठूनतरी उतरवून घेतली, असं म्हणतील लोक," हेडसर म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले. "मी म्हणत नाही. लोक म्हणतील. बाई, जाऊ द्या. पुस्तकात आपल्या शाळेचा उल्लेख आहे. पुढच्या महिन्यात मॅडम स्वतः पाठनिरीक्षणाला येतायत, तुमच्याच वर्गावर. कृपा करून तमाशा नको. पुस्तकाप्रमाणे शिकवा."

अठरा वर्षं ज्या पानानं टाळ्या मिळवल्या, त्याच पानानं बाईंचं तोंड बंद केलं. आता माजी विद्यार्थी गोळा करायचे, त्यांच्या सह्या घ्यायच्या, हे सुचलं नाही असं नाही. पण आपण आहोत, हे सिद्ध करायला दारोदार फिरायचं? बाईंना त्याचीच शरम वाटली.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो पाठीला पट्टा बांधून भाजी निवडत बसला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण तू तरी पहिल्या पानावर खोटं कशाला लिहिलंस?"

"तुम्हीसुद्धा?" बाई म्हणाल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत. रडल्या मात्र पोटभर. पुस्तकासाठी नाही हो. पुस्तक काय, मागितलं असतं तर हसत दिलं असतं. चार वर्षं जिला ताटातलं वाढलं, तिनं आपल्याला एका ओळीत मारून टाकलं, आणि तेही कागदपत्रांची कटकट नको म्हणून, हे काही केल्या गळ्याखाली उतरेना.

महिना गेला. निरीक्षणाचा दिवस आला. हेडसर धाकटीला घेऊन वर्गात आले. "मुलांनो, आपल्या पुस्तकाच्या लेखिका!" टाळ्या झाल्या. धाकटी सगळ्यात मागच्या बाकावर बसली; तिथंच, जिथं चार वर्षं बसायची. मांडीवर निरीक्षणाचा तक्ता. हेडसर दाराशी उभे राहिले, पहारा दिल्यासारखे.

बाईंनी ठरवलंच होतं. एक अक्षर वावगं बोलायचं नाही. पुस्तकातल्या पाठ-आराखड्यात लिहिलं होतं तसं प्रस्तावना सोडून थेट पान पाच. "उघडा," त्या म्हणाल्या. "वर्णनाचा नमुना."

तर दुसऱ्या बाकावरून हात वर. त्या मुलीला सगळे शंकासूर म्हणायचे. नाव उगाच पडलं नव्हतं.

"बाई, आपण आधी झाकण बघतो ना? मग प्रस्तावना का सोडली?"

"ती परीक्षेला नाही."

"पण बाई, तुम्हीच म्हणता..."

"प्रस्तावना घरी वाचली तरी चालेल हं बाळ," मागून धाकटी घाईनं म्हणाली.

झालं. मोठ्यांनी नको म्हटल्यावर कुठली मुलं ऐकतात? फडाफडा पानं मागे गेली. शंकासुरानं परवानगीची वाट न बघता खड्या आवाजात प्रस्तावना वाचलीसुद्धा. बाई टेबलाला धरून उभ्या होत्या. थांबवावं की थांबवू नये, हे त्यांना खरंच कळत नव्हतं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "वाचलीस ना? आता पान पाच."

पान पाचवर एका वर्गाचं वर्णन होतं, हवेलीतली शापित खोली असावी तसं रंगवलेलं. एक मुलगा वाचत होता: "तिसऱ्या खिडकीला काच नाही. तिथं पुठ्ठा लावलाय, आणि त्यावरचा बिस्किटाच्या जाहिरातीतला हत्ती डोकं खाली, पाय वर करून लटकतोय..."

वाचता वाचता तो अडखळला. सगळ्या माना डावीकडे वळल्या. तिसरी खिडकी. पुठ्ठा. उलटा हत्ती.

"अय्या बाई, हा आपलाच वर्ग!"

"पुढे वाच, पुढे वाच!"

"बाईंच्या टेबलाचा डावा पाय आखूड. त्याखाली यंदाचं वेळापत्रक चार घड्या घालून सारलंय. हवेलीच्या मालकांना, म्हणजे हेडसरांना, कळलं तर बाईंची धडगत नाही."

बाई काही बोलायच्या आत शंकासूर टेबलाखाली शिरली होती. टेबल डुगडुगलं, डबे खणखणले, आणि ती हातात मळका कागद घेऊन बाहेर आली. घड्या उलगडल्या. वर वर्ष छापलेलं होतं.

"दोन वर्षांपूर्वीचं आहे!" ती म्हणाली. "बाई, लिहिणारी 'यंदाचं' म्हणतेय. म्हणजे दोन वर्षांपूर्वी ती इथं याच टेबलाशी होती. आणि दोन वर्षांत आपल्या शाळेतल्या कुणी बाई वारलेल्या नाहीत."

"कशावरून?" वाचणाऱ्या मुलानं विचारलं.

"अरे, सुट्टी मिळाली असती की!"

वर्ग खो खो हसला. दाराशी हेडसरांनी खिशातून रुमाल काढला. हसू ओसरलं तशी शंकासूर बोटांवर मोजत पुढे म्हणाली, "म्हणजे लिहिणारी जिवंत आहे. आतलं वर्णन समोर दिसतंय, म्हणून ते खरं. झाकण खोटं. कोण सांगतंय, कळलं. कुणाला सांगतंय, आपल्याला." ती थांबली. "पण का सांगतंय, ते नाही कळत बाई. वही हवी होती, तर त्या बाईंना नुसतं विचारायचं ना. त्यांनी दिली नसती का?"

बाईंनी मागच्या बाकाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, बघितलंच. धाकटी तक्त्यावर मान खाली घालून बसली होती. लेखणी हलत नव्हती.

"दिली असती गं," बाई म्हणाल्या. "विचारलं असतं तर लगेच दिली असती. का नाही विचारलं, ते मलाही कळत नाही. महिनाभर विचार करतेय. हा एक प्रश्न नाही सुटत बघ मला."

'मला' म्हटल्यावर पोरांच्या ध्यानात आलं. एकेक करून त्यांनी आधी बाईंकडे बघितलं, मग फळ्यावरच्या तीन प्रश्नांकडे, आणि मग वळून मागच्या बाकाकडे. कुणी हसलं नाही. घंटा झाली तरी जागचं कुणी हलेना; शेवटी हेडसरांनीच "चला, चला" करून वर्ग बाहेर काढला आणि त्यांच्या पाठोपाठ स्वतःही सटकले.

बाईंनी वेळापत्रकाची घडी वाकून पायाखाली परत सारली. मग डबे गोळा करायला घेतले. काडेपेटीएवढा चौथ्यात, तो मालकिणीचा मोलकरणीच्या डब्यात, असे एकेक.

धाकटी टेबलापाशी येऊन उभी राहिली. डोळे भरलेले होते. खरे की खोटे, देव जाणे. "ताई," ती म्हणाली. "ताई, माझं जरा ऐका ना."

बाईंनी वकिलाचा डबा पुढे ओढला, बाकीचे त्यात ठेवले आणि झाकण दाबून बसवलं.

"तुमच्या ताई हयात नाहीत, मॅडम," त्या म्हणाल्या. "तुमच्याच पुस्तकात आहे तसं."